मागच्या रविवारी मी तिथं नव्हते

असले अनुभव वाचताना मी नेहमी हसत आलेय. वडील शाळामास्तर, घरात सकाळी बुद्धवंदना आणि जेवताना प्रत्येक गोष्टीवर "पुरावा काय?" हा प्रश्न... तिथं भुताखेतांचं काय चालणार? मी स्वतः जालन्यात ज्युनिअर कॉलेजवर गणित शिकवते. त्यामुळे हे लिहायला जरा अवघडच वाटतंय. पण घडलं ते घडलं.

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. रविवारी मोटारसायकल काढून एकटीनं आडरस्त्यांनी भटकायचं, हा माझा शौक. कुठं पोचायचं नसतं, घाई नसते. त्या दिवशी वाटूरला पोहे खाल्ले, मोठा रस्ता सोडला आणि जांब समर्थच्या बाजूला जाणाऱ्या आतल्या रस्त्यांना लागले. या भागात पहिल्यांदाच येत होते. दोन्हीकडं फुटलेला कापूस, मध्येच तूर, कुठं रस्त्यावरच वाळत घातलेली सोयाबीन. ऊन कोवळं होतं आणि गाडी अगदी रमतगमत चालली होती.

एका वस्तीपाशी एक बाई दोन्ही हात आडवे करून एकदम रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी ब्रेक दाबला. शेतातली माणसंही धावत यायला लागली. मनात आलं — मागं कुणाची कोंबडी, शेळी तर चाकाखाली आली नाही ना? अनोळखी गाव, मी एकटी... हात फोनकडं गेला.

त्या बाईनं माझा तोच हात धरला आणि रडायला लागली.

"वाचली ताई. सून वाचली माझी."

ती पार्वताबाई. तिनं आणि बाकीच्यांनी मिळून जे सांगितलं ते असं — मागच्या रविवारी कापूस वेचताना तिच्या सुनेला, सुनीताला, साप चावला. वस्तीवर त्या वेळी एकही गाडी नव्हती. तेवढ्यात म्हणे मी मोटारसायकलवरून आले. सुनीताला मध्ये बसवलं, मागं पार्वताबाईंना, आणि तिघी थेट सरकारी दवाखान्यात. इंजेक्शन वेळेत मिळालं. मग त्या गडबडीत मी निघून गेले, ते कुणाला कळलंच नाही.

मागच्या रविवारी मी जालन्यात, घरी तापानं फणफणत पडले होते. तसं मी सांगितलं. दुसरी कुणी असेल, असंही म्हटलं. शेवटी हेल्मेट काढून म्हटलं, नीट बघा एकदा.

पार्वताबाईंनी नीट बघितलं. "तुम्हीच. त्या दिवशी पण असंच हेल्मेट काढून बोलल्या माझ्याशी. बराबर ध्यानात हाय."

मला घरात नेलं. सुनीता बाजेवर बसली होती, पायाला पट्टी. विशी-बाविशीची पोरगी. मला बघून ओळखीचं हसली.

"डोळा लागू देत नव्हत्या तुम्ही," ती म्हणाली. "रस्ताभर पाढे म्हणायला लावले. सतरा सत्तेला मी अडकले, तर तुम्ही पण अडकल्या. मंग दोघी हसलो, आठवतंय न्हाई का?"

गणिताची बाई असून सतरा सत्तेला मी आजही अडखळते. मनात हिशेब करून पुढं जाते. विद्यार्थ्यांना सोडा, घरातही हे कुणाला ठाऊक नाही.

बाहेर येऊन आईला फोन लावला. वडिलांना शेवटी शेवटी काल केलेलं आज आठवत नसे... आपलंही तसंच झालं असेल, आपण तापात उठून गेलो असू, असं वाटायला लागलं होतं. काही न सांगता एवढंच विचारलं, मागच्या रविवारी मी कुठं बाहेर गेल्ते का?

"कुठं जाशील? दिवसभर तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्ते मी," आई म्हणाली. "निघायचं निघायचं म्हणून बडबडत होतीस, म्हणून गाडीची चावी माझ्यापाशी ठेवली. का गं?"

काही नाही म्हटलं. किती तरी वेळानं नीट श्वास घेतला. डोकं ठिकाणावर होतं. आणि आतून सुनीताचा आवाज येत होता — आमटीत मीठ कमी पडलंय म्हणून सासूला सांगत होती. त्या आवाजानं इतकं हलकं वाटलं की मी 'मी नव्हते' म्हणणं सोडून दिलं. जेवायला बसले. गरम भाकरी, आमटी, ठेचा. पार्वताबाई आग्रह करकरून वाढत होत्या.

नंतर मी बऱ्याच जणांना विचारलं. त्या बाजूला मोटारसायकलवर एकटी फिरणारी दुसरी बाई कुणाच्याच पाहण्यात नाही. माझ्या तापाचा खेळ म्हणावा, तर तापात पडलेल्या बाईच्या मागं बसून कुणी दवाखान्यात पोचत नाही. सुनीता पुन्हा शेतात जायला लागली, एवढं मात्र परवा पार्वताबाईंचा फोन आला तेव्हा कळलं, आणि रात्री शांत झोप लागली.

खरंच कुणी असेल माझ्या तोंडावळ्याची, सतरा सत्ते विसरणारी, आणि हे वाचत असेल — तर बाई, तुझ्या वाट्याची भाकरी मी खाऊन आलेय.