डोक्यावरचा रुमाल

गाझासाठी आम्ही कॉलेजच्या गेटबाहेर तंबू ठोकून बसलो होतो, तेव्हा समोरच्या रसवंतीपाशी एक म्हातारा रोज येऊन उभा राहायचा. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. रस कधी घ्यायचा नाही. संध्याकाळी आम्ही गाझात मेलेल्या मुलांची नावं वाचायला लागलो, की तो खिशातला रुमाल काढून डोक्यावर ठेवायचा. ऊन तर नसायचंच. नावं संपली, की रुमालाची घडी पुन्हा खिशात.

"सीआयडी आहे रे. कुणाला तरी खूण करतोय," मित्र म्हणाला. शनिवारी तो आला नाही, तेव्हा आमची खात्रीच पटली. सरकारी सुट्टी! पण रविवारी पुन्हा हजर. मग मात्र मी तावातावाने रस्ता ओलांडला.

"काका, कुणाचे माणूस तुम्ही?"

"इथलाच, खांदा कॉलनीतला. ज्यू आहे. शनिवार आम्ही पाळतो." मग रुमाल चाचपत म्हणाला, "मेलेल्यांसाठी प्रार्थना करताना डोकं झाकायचं असतं."

"या मुलांसाठी? तुम्ही?" माझा विश्वास बसेना.

"नातू इस्रायलच्या सैन्यात आहे, बाळा. तिथं काय करतोस, हे फोनवर विचारायला जीभ रेटत नाही. जेवलास का, एवढंच विचारतो."

मी परत आलो. तंबूतले सगळे माझ्याकडेच बघत होते.

"काय, पोलीसच ना?" मित्राने विचारलं.

"हो," मी म्हणालो. पोलिसाला तिथून कुणी हाकललं नसतं.