आईचं जागरण

सत्त्याण्णवचा डिसेंबर. दोन वर्षांनी अमेरिकेहून सानपाड्याला आईकडे आले होते, हातात जेमतेम बारा दिवस. बाबांना जाऊन दहा महिने झाले होते आणि तेव्हा मला येता आलं नव्हतं.

त्यामुळे जेट लॅगमध्ये एक दिवसही घालवायचा नाही, असं पक्कं ठरवलं होतं. विमानात बसल्या बसल्या घड्याळ साडेदहा तास पुढे केलं. भारतात रात्र तेव्हा डोळ्यांवर पट्टी, भारतात दिवस तेव्हा टक्क जागी... शेजारच्या सीटवरच्या काकांना मी बहुधा आजारी वाटले असेन.

प्लॅन एकदम सक्सेसफुल. पहिल्याच रात्री साडेनवाला झोपले ती सकाळी सहाला उठले. स्वतःवर जाम खूश होते.

आई मात्र... सकाळी अकराला मटार सोलता सोलता पेंगायची. दुपारी जेवली की गाढ. मी बाबांचा विषय काढला की हं हं करायची आणि दोन मिनिटांत मान खाली.

मला एकच विचारायचं होतं. बाबांनी शेवटी माझं नाव काढलं का?

मग मी गॅलरीत जाऊन समोरच्या रिकाम्या प्लॉटकडे बघत राहायचे. तिकडे एकटी असायचे त्याचं काही वाटायचं नाही, पण आईच्या घरात फार एकटं वाटलं. मी आले नाही याचा राग तिने धरलाय, असंच मनाने घेतलं.

रोज सकाळी हॉलमध्ये टीपॉयवर चहाचा भरलेला थर्मास असायचा, बाजूला दोन कप. आईला हल्ली विसरायला होतं, असं समजून मी चहा बेसिनमध्ये ओतून थर्मास धुऊन ठेवायचे.

सहाव्या दिवशी शेजारच्या काकू कढीपत्ता द्यायला आल्या. त्या मूळच्या इथल्याच गावच्या. आई दिवाणावर झोपलेली. मी तिला हाक मारणार, तर म्हणाल्या, "झोपू दे गो तिला. पंदरा दिवस झाले, रातची जागी रायची सवय करते ती."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. त्यांचा भाचा आदल्या वर्षी अमेरिकेहून आला, तेव्हा त्याला रात्र रात्र झोप नव्हती, एकटाच बसून असायचा. ते आईने ऐकून ठेवलं होतं... मी यायच्या आठ दिवस आधीपासून ती दिवसा झोपायला लागली होती.

आणि मी साडेनवाला ढाराढूर.

आई उठल्यावर म्हटलं, अगं, मला उठवायचं तरी. तर म्हणते, "लांबनं आलेलं, झोपलेलं लेकरू कुनी उठवतं व्हय? म्हनलं, आज न्हाई तर उद्या जागी हुशील."

मला रडू आवरेना. त्या दिवशी तिची झोप पुरती झाली होती. दिवेलागणीला थर्मास भरला आणि दोघी बसलो. मी विचारलं.

"नाव न्हाई काढलं," आई म्हणाली. "पन सारकं इचारायचे, तिकडं आता किती वाजलं असतील. पोरगी झोपली असंल का उठली असंल. मला कुठलं कळतंय? मी आपली झोपली म्हनायची, म्हंजी गप पडायचे."

उरलेले दिवस आम्ही दोघी रात्री जागलो, दुपारी झोपलो. माझं घड्याळ परत अमेरिकेवर गेलं. परत गेल्यावर ऑफिसात एक दिवसही पेंगले नाही...

आता आई नाही. अजूनही प्रवासाहून येते, साडेनवाला झोपते, सहाला उठते, आणि टीपॉयवर काही नसतं. ओतून दिलेल्या त्या चहाचं अजून वाईट वाटतं. माझ्यासाठी इतकं नंतर कुणी जागलं नाही.