सासूबाईंनी पाहिलेले सिनेमे

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझ्या सासूबाईंनी शनिवारी संध्याकाळी घरीच सिनेमा बघायची सवय लावून घेतली. मुलगी बारावीला होती, आतल्या खोलीत दार लावून अभ्यास करायची. नवऱ्याला सिनेमाच्या सुरुवातीची नावं सरकायच्या आत झोप लागते. राहिलो आम्ही दोघी. शनिवारी मी सदर भागातल्या ऑफिसातून लवकर यायचे, चहा व्हायचा आणि मुलीला त्रास नको म्हणून आवाज अगदी बारीक करून आम्ही टीव्हीसमोर बसायचो. आवाज वाढव असं आई, म्हणजे सासूबाई, कधी म्हणाल्या नाहीत. उलट, "पोरगी अभ्यास करून राहिली, राहू दे कमीच," असं त्याच म्हणायच्या.

पहिला सिनेमा भुताचा होता. नवीन लग्न झालेलं जोडपं, भाड्याचं जुनं घर, मागच्या खोलीत दिसणारी पांढऱ्या केसांची बाई. मला विचाराल तर सिनेमा बेताचाच. तीच ती करकरणारी दारं, तेच अचानक अंगावर येणारं संगीत. पण मी भित्री, त्यामुळे प्रत्येक वेळी दचकत होते. आई मात्र मटार सोलत शांत बसल्या होत्या. भूत पडद्यावर अंगावर धावून आलं तेव्हाही त्यांचा हात थांबला नाही.

"आई, भीती नाही वाटली?" मी शेवटी विचारलं.

"भ्यायचं काय त्याच्यात? पहिली बायको होती ते त्याची. घरातून काढलं तिले, म्हणून ये-जा करून राहिली."

मी हसले. सिनेमात पहिली बायको नव्हतीच. ती त्या घराची जुनी मालकीण होती, मरून गेलेली, आणि तसं सिनेमात स्पष्ट सांगितलंही होतं. मला वाटलं, मटाराच्या नादात लक्ष नसेल.

पुढच्या शनिवारी खुनाचा तपास. हा मला आवडला. पाऊस, बंगला, मोजकी माणसं, आणि ज्याच्यावर कुणाचा संशय जात नाही असा घरचा डॉक्टर खुनी. शेवटच्या प्रसंगात तो सगळं कबूल करतो, बराच वेळ बोलतो. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना आई शेजारणीला ती गोष्ट सांगत होत्या आणि मी पायऱ्यांवर होते. त्यांच्या गोष्टीत खून धाकट्या भावानं केला होता. जमिनीसाठी. डॉक्टर बिचारा शेवटी खूप रडला, असं त्या म्हणाल्या. शेजारीण म्हणाली, "काकू, आम्हीपण पाहिला तो. डॉक्टरच खुनी आहे ना?" आईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असन वं. मले तसं नाही वाटलं."

शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं होतं.

माझ्या वडिलांना शेवटची काही वर्षं माणसं ओळखता येत नव्हती. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी गोष्टीतली माणसं बदलली, मग शेजाऱ्यांची नावं, मग माझं. त्यामुळे आईंच्या तोंडचा तो धाकटा भाऊ माझ्या डोक्यातून जाईना. आणि एकदा शंका आली की सगळं त्याच शंकेत बसायला लागतं. गॅसवर दूध उतू जायचं आणि आई दोन हातांच्या अंतरावर बसून भाजी निवडत असायच्या. कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन डाळ करपली. फोन आला की पूर्वी अर्धा अर्धा तास बोलणाऱ्या आई आता फोन माझ्या हातात द्यायच्या, "तूच बोल, मले काम आहे." नणंद म्हणाली, "आई माझ्याशी बोलतच नाही आजकाल. काही झालं का?"

नवऱ्याला सांगितलं तर तो चिडला. "तुझ्या वडिलांचं झालं म्हणून सगळ्यांचं होईल का? आई ठणठणीत आहे. सिनेमाच भंगार असन."

मी शनिवारची वाट बघायला लागले आणि त्याच वेळी शनिवारला घाबरायलाही लागले. सिनेमा माझ्यासाठी सिनेमा राहिला नाही. पडद्यापेक्षा मी आईंच्या चेहऱ्याकडे जास्त बघायचे. मध्येच काहीतरी विचारायचे. "आई, तो नोकरी कुठं करतो म्हणाला?" "आई, ही त्याची कोण?" कधी उत्तर बरोबर यायचं, कधी अगदीच भलतं. बरोबर आलं की तेवढ्यापुरता श्वास मोकळा व्हायचा. एक विनोदी सिनेमा लावला, लग्नात दोन वरातींची अदलाबदल होते तसला. पूर्वार्ध झकास, उत्तरार्धात नुसता आरडाओरडा. त्यात माझ्या लक्षात आलं की आई हसतात, पण मी हसल्यावर. आधी माझ्याकडे बघतात आणि मग हसतात. वडीलही असेच करायचे. चारचौघांत सगळे हसले की हसायचे, काय झालं ते न कळताच.

युद्धाचा सिनेमाही बघितला. त्यात मला फार भाषणं वाटली. गोळी लागलेला माणूस इतकं सलग बोलत नाही. आई मात्र तो संपल्यावर चहाचे कप उचलायला लागल्या. मग म्हणाल्या, "त्याच्या मायले सांगाले कोणीच गेलं नाही." खरं म्हणजे एका प्रसंगात फोनवर तेच सांगितलं जातं. पण फोन घेणारी बाई पाठमोरी होती. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

असे आठवडे गेले. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत या आजाराबद्दल वाचत बसायचे. रामदासपेठेतल्या एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नवऱ्याला सांगितलं नाही. आईंना काय सांगायचं तेही ठरत नव्हतं.

डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या शनिवारी लावायला काही सापडेना. मुलीनं कुणाकडून तरी ऐकलेला एक परदेशी सिनेमा सुचवला. भाषा आम्हाला एक अक्षर न कळणारी, खाली हिंदीत ओळी येत होत्या. मला वाटलं, आईंना हा झेपायचा नाही, दहा मिनिटांत बंद करू. डोंगरातल्या गावातला एक म्हातारा शहरात राहणाऱ्या मुलीला भेटायला बसनं निघतो, एवढीच गोष्ट. संगीत जवळजवळ नाही. बस बिघडते, तो एका चहाच्या टपरीवर थांबतो, अनोळखी माणसांशी बोलतो. मला स्वतःला मध्ये कंटाळा आला. चांगला आहे हे कळत होतं, तरी आला.

आईंनी चष्मा पुसून घातला आणि संपेपर्यंत हलल्या नाहीत. हातात भाजी नव्हती, काही नव्हतं.

संपल्यावर मी भीत भीत विचारलं, "कसा वाटला?"

आई बोलायला लागल्या. म्हातारा निघताना शेजाऱ्याला कोंबड्यांना दाणे टाकायला सांगतो ते. टपरीवाल्याला मुलगी मोठी साहेब आहे असं खोटंच सांगतो ते. बसमधल्या बाईला तो मुलीचं वय सांगतो आणि पुढे दुसऱ्याला वेगळं सांगतो तेही. "त्याले माहीतच नाही पोरगी केवढी झाली ते. म्हणून लाजून राहिला होता," त्या म्हणाल्या. मला ते वयाचं लक्षातही आलं नव्हतं. मी मागे जाऊन तो प्रसंग पुन्हा लावला. आई बरोबर होत्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. स्मरण गेलेलं माणूस असं सांगू शकत नाही. मग बाकीचे सिनेमे? तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी मुद्दाम उठले नाही. दुसरी झाली. तिसरी झाली. आई पडद्यावर तोच प्रसंग पुढे बघत होत्या. मी मान दुसरीकडे वळवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आई, डाळ झाली वाटतं."

त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही.

मेंदूच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलोच. त्यांनी आईंना वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं पुन्हा विचारले. समोर बसून, हळू आणि स्पष्ट बोलून. आईंनी सगळं बरोबर सांगितलं. मग मी सिनेमांचं आणि कुकरचं सांगितलं. डॉक्टर हसले आणि त्यांनी आम्हाला त्याच इमारतीत कानाच्या तपासणीला पाठवलं.

तिथं काचेची एक छोटी खोली होती. कानाला यंत्र लावून आईंना आत बसवलं आणि आवाज आला की बोट वर करा असं सांगितलं. तपासणारी मुलगी काचेबाहेर बसून बटणं दाबत होती. आई दर वेळी बोट वर करत होत्या, अगदी वेळेवर. मुलगी गोंधळली. मग माझ्या लक्षात आलं, आईंची नजर तिच्या हातावर होती. हात हलला की बोट वर. मुलीच्याही ते लक्षात आलं. तिनं आत जाऊन खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर बोट फार क्वचित वर आलं. आईंची पाठ मला दिसत होती, ताठ, परीक्षेला बसल्यासारखी. बराच वेळ ते बोट मांडीवरच राहिलं. मला बघवेना.

बाहेर बाकावर मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, तोंड दिसेल अशी. "आई, सांगितलं काहून नाही?"

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "माह्या सासूले ऐकू येत नव्हतं. भिवापूरले आम्ही सगळ्या जणी अंगणात बसून मिरच्यांचे देठ तोडत असू. म्हातारी मधात बसून राहे. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. ओरडाव लागे ना, म्हणून. कोणाचं लगन ठरलं, कोण मेलं, तिले सगळ्यात शेवटी माहीत पडे. मले तसं नव्हतं व्हायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू परीक्षा घेऊन राहिली होती माही, ते समजत होतं मले. येडी झाली म्हणून घेऊन राहिली का?"

मी हो म्हणाले.

"मग बहिरी आहो हे बरंच निघालं म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. या वेळी माझ्या आधी हसल्या.

नवरा संध्याकाळी त्यांच्या शेजारी येऊन बसला. मग मोठ्यानं ओरडून काहीतरी विचारायला गेला तर आई म्हणाल्या, "ओरडू नको गा. समोर येऊन बोल."

ऐकू येण्याचं यंत्र आलं. पहिले काही दिवस त्रासाचे गेले. भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं त्यांच्या डोक्यात एकदम शिरायचं आणि त्या ते काढून डबीत ठेवायच्या. हळूहळू जमलं. फोनवर नणंदेशी बोलून झालं की चेहरा उजळलेला असतो. मुलगी आत फोनवर मैत्रिणीशी काय बोलते तेही आता ऐकू येतं, त्यामुळे तिची पंचाईत झाली आहे.

डॉक्टरांनी काही महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं आहे, वय आहे, लक्ष ठेवू म्हणाले. या "लक्ष ठेवू"नं माझ्या मनात जागा धरली आहे, ती सुटत नाही. एखादं नाव त्यांना पटकन आठवलं नाही तरी माझा जीव वर-खाली होतो. मग मी स्वतःला सांगते की नावं मलाही आठवत नाहीत.

मुलीची परीक्षा संपल्यावर एक प्रेमकथा बघितली, पूर्ण आवाजात. मला बरी वाटली. गाणी गोड, नायक जरा रडका. आईंनी यंत्र लावून पहिल्यापासून ऐकली आणि मध्यंतरालाच मत दिलं, "किती बोलतो वं हा पोरगा! एवढं बोलल्यावर तिनं हो म्हणाव तरी कधी?" मग भुताचा तो जुना सिनेमा त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. सगळं संगीत ऐकलं, दोनदा दचकल्या, मालकिणीची सगळी कथा नीट ऐकून घेतली.

"पण पहिली बायकोच पाहिजे होती," त्या म्हणाल्या. "घरासाठी कोण एवढं तडफडते?"

यावर मात्र आमचं अजून एकमत झालेलं नाही.