पिवळी वल्गुली सपाटीला

क्रांती कांबळे आरोग्य खात्यात नर्स. गारगोटीच्या पुढं डोंगरातल्या वाड्यांवर तिनं अकरा वर्षं लसीची पेटी खांद्याला अडकवून पायपीट केली आणि त्याच वाटांवर पाखरं ओळखायला शिकली. वल्गुली तिची विशेष आवडती. चिमणीएवढा जीव, एका फांदीवर क्षणभर ठरत नाही. राखी वल्गुलीचे गाल पांढरे, पोटावर काळा पट्टा. ती गावातल्या झाडांवरही येते. पिवळीच्या डोक्यावर काळी शेंडी आणि गाल हळदीचे. ती डोंगरातली झाडी सहसा सोडत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. तेव्हा तिची पिल्लं ढोलीत असतात.

पुढं क्रांतीची बदली खाली सपाटीवरच्या गडमुडशिंगीला झाली. गेल्या जुलैत एका सकाळी दारातल्या शेवग्यावर तिला चार पिवळ्या वल्गुल्या दिसल्या. भिजलेल्या, आणि एकही बोलत नव्हती.

"नेहमीचीच की ही," शेजारची मनाली म्हणाली.

"न्हाय. ही डोंगरातली. ह्या दिवसांत हितं कशी?"

रविवारी क्रांती तिच्या जुन्या वाटेवरच्या जांभळेवाडीला, पिवळ्यांच्या डोंगरात, गेली. तिथल्या आक्कांच्या घरी तिनं कितीदा भाकरी खाल्ली होती. घरांमागचा उतार तिनं पाहिला आणि जागीच थांबली. ढोलींचे जुने हिरडे तोडलेले. कुणाच्या तरी रिसॉर्टसाठी जेसीबीनं डोंगराचा पायथा कापून सपाट केला होता. ती वर चढली. वाडीच्या डोक्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीला भेग पडली होती. खालच्या झऱ्याला तांबडं पाणी येत होतं.

"आक्का, पाखरांनी डोंगर सोडलाय. आजच्या आज खाली चला."

"पाखरं उडाली म्हणून माणसानं घर सोडायचं व्हय?"

"पाखरांचं ऱ्हाऊ द्या. भेगंत माझी छत्री मुठीपतूर गेली."

आक्का स्वतः वर जाऊन आल्या. गोठ्यात शिरून म्हैस सोडली आणि दारोदार हाका मारत सुटल्या. संध्याकाळपर्यंत पाच घरं खालच्या शाळेत आली. आक्कांचे दीर सयाजी तेवढे उंबऱ्यावरून हलले नाहीत.

"बायका भ्याल्या म्हणून मी पळू? जावा तुम्ही."

मंगळवारी दुपारी शाळेत आधी ओल्या मातीचा उग्र वास आला. मग जमीन थरथरली. बाहेर येऊन पाहतात तो वाडीच्या जागी नुसता तांबडा चिखल, त्यात उलटी झालेली झाडं. सयाजी तिसऱ्या दिवशी सापडले.

आक्का आता शाळेतच राहतात. क्रांतीला बघितलं की एवढंच म्हणतात, "त्याला वढून आणायला पायजे हुतं बाई, आपण दोघींनी."

महिन्याभरानं पलीकडच्या खोऱ्यातून एका अनोळखी माणसाचा फोन आला.

"नर्सबाई, आमच्या वाडीमागं बी डोंगर कापायलेत. जरा येऊन बघता काय?"

"मला पाखरातलं कळतं हो पावणं, डोंगरातलं न्हाय."

"तरी या."

क्रांतीनं रजेचा अर्ज लिहिला. बाहेर पाऊस तीन दिवस थांबला नव्हता.