ताईच्या डीव्हीड्या

एप्रिल संपत आला होता. भाची समुद्रपूरहून एसटीने आली आणि पाणी पिऊन झाल्याबरोबर तिने पिशवीतून ओढणीत गुंडाळलेलं एक पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. आत चार डीव्हीड्या होत्या. दोन ताईच्या लग्नाच्या, एक भाचीच्या बारशाची आणि एक तिच्या पहिल्या वाढदिवसाची.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, भाचीची आई. भाची जेमतेम बोलायला लागली होती तेव्हा ताईला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आठवडाभरात ती गेली.

भाचीला या चारही डीव्हीड्या जोडून एकच सिनेमा हवा होता. जूनमध्ये तिचं लग्न होतं. हळदीच्या संध्याकाळी अंगणात पडदा लावून तो दाखवायचा असं तिने वडिलांना सांगून ठेवलं होतं. मी हिंगणघाटला घरीच कॉम्प्युटरचे क्लास घेते, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं.

"आई जिथं जिथं दिसते ते सगळं ठेवजो, मावशी," ती म्हणाली. "अन् मम्मीले सांगू नको. तिले वाईट वाटन."

मम्मी म्हणजे भाऊजींची दुसरी बायको. ताई गेल्यावर दोन्ही घरांत एकच बोलणं चाललं होतं, की धाकटीलाच त्या घरी द्या, पोरीला सावत्र आई नको. मी नाही म्हटलं. भाऊजींवर माझा राग नव्हता, पण ताईच्या जागी जाऊन उभं राहणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मग ही आली. भाचीला तिनेच न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, आजारपणं काढली. इतक्या वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही, आणि मोकळं बोलणंही झालं नाही. मी गेले की ती आग्रहाने जेवू घालायची. मग आम्ही दोघी पोरीकडे बघत बसायचो, म्हणजे एकमेकींकडे बघावं लागत नसे.

माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची सोयच नाही. बाजारातल्या एका फोटो स्टुडिओतून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. मे महिन्यात क्लासला सुट्टी असते. दुपारी कूलर लावून, कानाला हेडफोन लावून मी बसायची. मऊ फडक्याने डीव्हीडी मधून कडेपर्यंत पुसायची, आत घालायची आणि सगळं लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायची. पहिल्या तिन्ही उतरल्या. मग कापाकापी सुरू झाली. त्या काळच्या स्टुडिओवाल्यांची हौस दांडगी. ताईचा चेहरा कमळातून वर येत होता, गोल फिरत होता, बदामात जाऊन बसत होता. ते सगळं मी काढत गेले. एक गोष्ट मात्र काढता येईना. त्या लोकांनी तिन्ही डीव्हीड्यांवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी टाकली होती. ताई हसत होती, कुणाला तरी हाका मारत होती, सासूच्या कानात काहीतरी सांगत होती, पण तिचा आवाज कुठेच नव्हता.

आवाज असेल तर चौथ्या डीव्हीडीत असणार होता. वाढदिवसाचं शूटिंग भाऊजींच्या काकांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने केलं होतं आणि त्यावर कुणी गाणी टाकली नव्हती. मी ती डीव्हीडी उजेडात धरली तेव्हा मधल्या भोकापासून निघालेला एक तडा दिसला. केसासारखा बारीक होता, पण आरपार गेलेला. ड्राइव्हमध्ये डीव्हीडी जोरात फिरते. तडा असला की तो फिरता फिरता वाढतो, आणि डीव्हीडी आतल्या आत फुटते. एकदा फुटली की संपलं. म्हणजे मला फार तर एकच संधी होती. मी ती पुन्हा ओढणीत गुंडाळून ठेवून दिली आणि दुसरी कामं काढत बसले.

अशातच भाऊजींचा फोन आला. आधी मंडपाचं, जेवणाचं बोलले. मग म्हणाले, ताईचं थोडंसंच दाखव, बाकी पोरीचे शाळा-कॉलेजातले फोटो घाल. सारा गाव बसलेला असेल, जिने वाढवलं तिला तिथं कसं वाटेल. मी पाहते एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. मला राग आला होता. ताईला आता पडद्यावरूनही कमी करायचं का, असं मनात येत राहिलं. पण त्या दिवशी काम पुढे सरकेना. मी जे जोडत होते त्यात लग्न होतं, बारसं होतं, वाढदिवस येणार होता, आणि तिथेच सिनेमा संपणार होता. जणू भाची पुढे कुणी न वाढवताच मोठी झाली. डीव्हीड्याच तेवढ्या आहेत, मी काय करू, असं मी स्वतःला सांगितलं. ते मलाच पटलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी लग्नाचा भाग जोडत बसले होते. कूलरसाठी पुढचं दार उघडंच होतं. कानाला हेडफोन, त्यामुळे कुणी आल्याचं कळलं नाही. पाणी घ्यायला वळले तर मागे मम्मी उभी. हातात लग्नाची पत्रिका आणि साडीची पिशवी. पडद्यावर ताई शालूच्या निऱ्या हाताने उचलून मांडव ओलांडत होती.

मी लॅपटॉप मिटायला हात घातला.

"राहू द्या, मावशी," ती म्हणाली. लेकीच्या नात्याने तीही मला मावशीच म्हणते.

ती उभ्या उभ्याच बघत राहिली. तिने ताईला आजवर फक्त भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत पाहिलं होतं. ताई चालताना बघून ती हळूच म्हणाली, "पोरगी अशीच चालते. एक खांदा खाली पाडून. सरळ चाल, सरळ चाल म्हणून मी तिले लहानपणापासून रागावत आली."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली. घरातलं कुणी यावं आणि यातून सुटका व्हावी असं वाटत होतं, पण घरात कुणीच नव्हतं. मग तीच बोलायला लागली. पाहुण्यांसाठी रजया काढायला ट्रंक उघडली तेव्हा तळाशी डीव्हीड्या दिसल्या नाहीत, तेव्हाच तिला कळलं होतं, की पोरीला त्या सापडल्या आणि आता त्या माझ्याकडे असणार. ती लग्न होऊन आली तेव्हा पोरगी रोज आजीच्या मांडीवर बसून त्या बघायची, आणि ही तेवढा वेळ मागच्या अंगणात जाऊन बसायची. बघून झालं की रडायची आणि हिच्या हातचा घासही घ्यायची नाही.

"मग मीच लपवल्या," ती म्हणाली. "पोरीसाठी लपवल्या असं सगळ्यायले सांगितलं. पण मले रागही येत होता. नंतर काढाव्या म्हटलं, तर कोणत्या तोंडानं काढू?"

एखाद्या दुसऱ्या दिवशी मी तिला बोलले असते. ट्रंकेत वर्षानुवर्षं वजनाखाली दबूनच तो तडा गेला असणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिने त्याच वेळी विचारलं, "यात बोलते कुठं ती?"

मी ओढणीतून चौथी डीव्हीडी काढली आणि तिला तडा दाखवला. लावली तर फुटू शकते, हे सांगितलं.

"अन् नाई लावली तर?"

"तर अशीच राहील. ओढणीत."

तिने टेबलावरची ओढणी उचलून घडी घातली. मग म्हणाली, "लावा. फुटली तर पोरीले मी सांगन."

मी कूलर बंद केला, कारण त्याच्या धडधडीने टेबल हलत होतं. लॅपटॉप पूर्ण चार्ज आहे ना ते पाहिलं. ड्राइव्ह सगळ्यात हळू फिरेल आणि जो भाग वाचता येणार नाही तो सोडून पुढे जाईल असा प्रोग्राम लावला. मग डीव्हीडी आत ठेवली आणि ट्रे हलकेच ढकलला.

हिरवी पट्टी पुढे सरकायला लागली. आतून किरकिर आवाज येत होता, सायकलच्या चाकाला काहीतरी घासल्यासारखा. खोलीत भट्टी पेटल्यासारखी उकड झाली. घाम डोळ्यांत उतरत होता, तरी दोघींपैकी कुणी पुसत नव्हतं. मध्येच लाइन गेली. मम्मी दचकून उठली. बॅटरीवर चालू आहे, असं मी सांगितलं तेव्हा ती पुन्हा बसली आणि टेबलाची कड धरून राहिली. अर्ध्याच्या पुढे पट्टी थांबली. ड्राइव्ह त्याच जागी घुटमळत राहिला. बंद करावं, जेवढं आलं तेवढं पदरात घ्यावं, असं मनात आलं. मी बोट बटणावर नेलं.

"थांबा," ती म्हणाली.

पट्टी हलली. थोडी पुढे गेली, आणखी थोडी गेली, आणि आतून टक्कन आवाज आला. लगेच ड्राइव्ह किंचाळल्यासारखा झाला. मी वायर ओढून काढली. पिन घालून ट्रे बाहेर काढला तर डीव्हीडीचे दोन तुकडे झाले होते आणि चांदीसारखा चुरा सगळीकडे पसरला होता.

मी तुकडे ओढणीवर काढून ठेवले. मग मी उतरवलेली फाइल उघडली. पहिल्यांदा उघडली नाही. दुसऱ्या प्लेअरमध्ये टाकली. काळा पडदा, मग कितीतरी मिनिटं नुसते हिरवे-जांभळे चौकोन, आणि अगदी शेवटी त्या चौकोनांमधून माणसं दिसायला लागली. मी हेडफोनची वायर उपटली. खोलीत एकदम पोरांचा गलका भरला. केकसमोर भाची, आणि तिला कडेवर घेऊन ताई. पोरगी मेणबत्तीकडे हात नेत होती.

"अवं, हात नको लावू, पोळन," ताई म्हणाली. "फुक. अशी फुक ना, माय." मग कॅमेऱ्याकडे वळून, "काकाजी, मले नका घेऊ, केस पाहा कसे झाले…"

तिथे चित्र थिजलं आणि फाइल संपली.

मी पुन्हा लावलं. मम्मीने पदर तोंडाला लावला होता. तो बाजूला करून ती म्हणाली, "तुमच्यासारखाच आवाज होता." मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला स्वतःला तर तो आवाज आठवतही नव्हता.

ती निघाली तेव्हा मी तिला सांगितलं, की भाऊजी ताईचं थोडंसंच दाखव म्हणतात. ती म्हणाली, सगळं दाखवा. मग मी म्हटलं, की पुढचा भाग मला तिच्या मोबाइलमधून पाहिजे. ती नाही म्हणत राहिली, मी हट्ट सोडला नाही. शेवटी फोन माझ्या हातात देऊन ती पाणी प्यायला आत गेली. त्यात एक क्लिप होती. भाची स्कूटी शिकत होती आणि मम्मी मागची सीट धरून रस्त्याने धावत होती, पदर खोचून. ती मी पूर्ण घेतली.

हळदीच्या संध्याकाळी अंगण भरलं होतं. पडद्यावर ताई मांडवात आली तसं बायकांचं बोलणं थांबलं, आणि मग सगळ्या एकेक करून मम्मीकडे बघायला लागल्या. ती पुढच्या रांगेत ताठ बसली होती. भाऊजी वाढदिवसाच्या आधीच उठून बाहेर गेले. ताईचा आवाज आला तेव्हा अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी भाचीकडे बघत होते. ती रडली नाही. स्कूटीच्या क्लिपवर पोरं हसली, तेव्हाही ती तशीच होती. सिनेमा संपल्यावर ती माझ्यापाशी आली.

"आवाज एवढाच?"

"एवढाच. डीव्हीडीला तडा होता, लावल्यावर फुटली."

"कशी फुटली? तिले तडा कशानं गेला?"

मम्मी मागे येऊन उभी राहिली होती. "मी सांगतो," ती म्हणाली आणि भाचीला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लागलं. बाहेर बायका हळद कालवून खोळंबल्या होत्या. दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन विचारायचं, आणि मी थांबा म्हणायची. एकदा भाचीचा चढलेला आवाज ऐकू आला, मग बराच वेळ काहीच नाही. दार उघडलं तेव्हा दोघींचे डोळे लाल होते. भाची कुणाशी न बोलता पाटावर जाऊन बसली. मम्मी हळदीची वाटी घेऊन तिच्यासमोर आली, तेव्हा तिने मान वर केली नाही, पण दोन्ही हात पुढे केले.

मी लॅपटॉप आवरायला मागच्या खोलीत गेले. भाऊजी तिथे अंधारात खाटेवर बसले होते.

"ते वाढदिवसाचं लाव," ते म्हणाले. "मी बाहेर होतो, मले ऐकू आलं नाई."

मी त्यांच्या कानाला हेडफोन लावून दिला आणि फाइल सुरू केली. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"इथंच थांबते?"

"हो, भाऊजी."

"अजून एक डाव लाव," ते म्हणाले. मी लावलं.