पालथं एकदा, उताणं एकदा

आमच्या हिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंना मी सरळ म्हटलं, सगळं कापून टाका आणि मोकळं करा. शाळा मी चौथीत सोडली, पण एवढं कळतं. बाई म्हणाल्या, आधी एमआरआय. गाठ एकटीच आहे की बाजूला आणखी काही आहे, ते दिसल्यावर ठरेल, नुसती गाठ काढायची की अख्खा स्तन.

म्हणून गाझियाबादहून दिल्ली गाठली. मशीनवरची पोरगी म्हणाली, "अम्मा, मेटल का सब उतारिए." बांगड्या निघाल्या, बांगड्यांतल्या सेफ्टी पिना निघाल्या. मंगळसूत्रावर गाडी अडली.

"हे समोर धडधाकट बसलेत आणि मी गळा रिकामा ठेवू?"

"अगं, मीच सांगतोय ना, काढ."

"तुमच्या सांगण्यानं काय होतंय?"

"अंकल, समझाइए ना," पोरगी म्हणाली. जन्म गेला समजावण्यात, आता काय समजावू!

शेवटी दोऱ्यात हळकुंड बांधते म्हणाली. आमच्याकडे चालतं तसं. आता दिल्लीत हळकुंड शोधा! कॅन्टीनमध्ये पूड. बाहेरचा वाणी म्हणतो, "साबुत क्यों, पिसी हुई ले लो." त्याच्याशी भांडून मिळवलं, फुलवाल्याकडून दोरा घेतला, धावत आलो. नंबर जायचा राहिला तो पोरीच्या भलेपणामुळे.

मग हिला पालथं झोपवलं, छातीसाठी दोन भोकं असलेल्या पाटावर. हातात सुई, औषध आत. कानठळ्या बसवणारा आवाज बाहेरपर्यंत. संपलं म्हणून उठलो, तर पोरगी म्हणते, आता उताणं झोपवून पुन्हा. ऑपरेशन उताणं झोपवून होतं, तेव्हा गाठ जागची सरकते, डॉक्टरांना तशीही बघायचीय.

मी भडकलो. "मग पहिल्यांदाच उताणं का नाही झोपवलं? म्हातारीला काय पोळी समजलात, उलटसुलट भाजायला? चल गं घरी!"

"तुम्ही जा," आतून आवाज आला. "मी थांबते."

मी कशाला जातोय. बसलो बाहेर.

रिपोर्ट आला त्या दिवशी बाईंनी पडद्यावर दाखवलं. गाठ एकटीच. उताणं झोपल्यावर ती काखेकडे सरकते, तिथंच छोटा छेद घेऊ, स्तन राहील.

परतताना ऑटोत ही म्हणाली, "तुमचं ऐकलं असतं तर सगळाच गेला असता."

मी ऑटोवाल्यावर ओरडलो, "गड्ढे देखके चला, भाई! दिखता नहीं, पीछे कौन बैठा है?"