पोर्तुगालच्या आधीची टेकडी

लोथारने पोर्तुगालची सहल खाणीतली पाळी लावावी तशी आखली होती. पहाटे उठायचं, उजाडायच्या आत न्याहारी उरकायची, दुपारपर्यंत एक गाव बघून संपवायचं, जेवायचं आणि दुसरं धरायचं. मधे रिकामा वेळ नाही. चालायचं तिथे चालायचं, चढायचं तिथे चढायचं.

जर्मनीतल्या हर्ने गावची कोळशाची खाण बंद पडून कैक वर्षं झाली होती, पण तिथल्या गड्यांचं मंडळ चालू होतं. एक गुरुवार सोडून एक गुरुवार गुत्त्याच्या तळघरात जमायचं, जड चेंडू घरंगळवून समोरचे नऊ खुंट पाडायचे, बिअर प्यायची. वर्षातून एकदा बायकांना घेऊन उन्हाच्या देशात जायचं. कुठे जायचं ते मंडळ ठरवी, कसं जायचं ते लोथार.

सहलीआधीच्या एका गुरुवारी त्याने ब्रागा गावाजवळच्या एका चर्चचा फोटो टेबलावर ठेवला. चर्च डोंगरावर होतं आणि पायथ्यापासून दारापर्यंत दगडी जिना वळत वळत चढत होता.

"सहलीतलं मुख्य हेच," लोथार म्हणाला. "म्हणून रविवारी सगळ्यांनी आपल्या खाणीच्या टेकडीवर यायचं. पाठीवर पिशवी घेऊन, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, न थांबता. जो पोचला तो सहलीला आला."

"आणि जो नाही पोचला?" एवाल्डने विचारलं. एवाल्डचं पोट टेबलाच्या कडेला टेकलेलं होतं.

"त्याला कार्ड पाठवू."

कुणी हसलं नाही. दोन वर्षांपूर्वी मायोर्का बेटावर किल्ल्याच्या पायऱ्या चढताना कुर्ट कोसळला होता. त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं ते लोथारनेच. पुढचे दोन दिवस लोथार इस्पितळाच्या बाकावर बसून होता, आणि तेव्हापासून तो असा कडक झाला होता. पुढच्या वर्षी मंडळ कुर्टला न घेता गेलं. तिथून त्याला समुद्राचं चित्र असलेलं कार्ड पाठवलं. सगळ्यांनी सह्या केल्या. नॉर्बर्टने सहीच्या वर 'तू हवा होतास' असं लिहिलं आणि तो पोहायला गेला. त्यानंतर कुर्ट तळघरात दोनदा आला. मग आलाच नाही.

नॉर्बर्टला आता ते कार्ड झोपेतही दिसे. कारण गेल्या हिवाळ्यापासून त्याला घरचा जिनासुद्धा एका दमात चढवत नव्हता. अर्ध्यावर खिडकी होती. तिथे तो थांबे, बाहेर कुणाची गाडी लागलीय ते बघितल्यासारखं करी, आणि श्वास परत आला की उरलेल्या पायऱ्या चढे. डॉक्टरने सांगितलं होतं, छातीत दगडाची धूळ आहे, ती निघायची नाही, वाढू नये एवढंच बघायचं.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. खाणीत असताना दरवर्षी तपासणी होई, नळीत फुंकायला लावत. छाती कमजोर निघाली की माणसाला कोळसा फोडायच्या कामावरून काढून कमी पगारावर वर झाडलोटीला लावत. म्हणून सगळे जण आधी बाहेर बाकावर गुपचूप दम साठवत आणि जीव खाऊन फुंकत. नॉर्बर्ट तर त्यात तरबेज. डॉक्टर दरवेळी लिही, छाती उत्तम. उत्तम छातीचा माणूस मग आणखी एक वर्ष धूळ खाई. आताही तो तेच करायला निघाला होता, आणि ते त्याला कळत होतं.

रविवारी ऊन होतं. टेकडी म्हणजे त्यांनीच खाणीतून उपसलेल्या दगडाचा ढीग. वर आता गवत, बर्चची झाडं, वळणावळणाची वाट. नॉर्बर्टने बूट घट्ट बांधले. बायकोच्या, गिझेलाच्या, पाठीवर तिची पिशवी होती, त्याच्या पाठीवर त्याची.

"तुझी इतकी हलकी कशी?" गिझेलाने हाताने तोलून विचारलं.

"उन्हाळ्याचे कपडे आहेत."

"लोथारने पाण्याच्या बाटल्या सांगितल्यात."

"आहे एक."



पहिल्या वळणापर्यंत ठीक गेलं. नॉर्बर्ट मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिला, म्हणजे पाठीमागून कुणी बघायला नको. दोन पावलांना श्वास आत, दोन पावलांना बाहेर. दुसऱ्या वळणावर दोन पावलं पुरेनात. मग एका पावलाला एक. एवाल्ड पुढे बडबडत होता.

"ए लोथार, पोर्तुगालला वर काय मिळतं? बिअर तरी?"

"वर चर्च आहे."

"म्हणजे नाही मिळत."

"चढताना बोलू नये. दम जातो."

"दम जाईना का. बोललो नाही तर मला झोप लागेल."

बायका हसल्या. नॉर्बर्टही हसायला गेला आणि तिथेच चुकला. हसण्यात गेलेला श्वास परत येईना. छातीवर कुणी आडवं लाकूड ठेवून वर बसावं तसं झालं. त्याने पाऊल टाकलं. आणखी एक टाकलं. पुढच्या वळणावर बाक दिसत होता. तिथवर जायचं, त्याने ठरवलं, आणि उभ्यानेच शहराकडे बोट दाखवून काहीतरी विचारायचं. दोन-चार श्वास मिळतील. कानात घुमायला लागलं. गिझेला पुढे होती, पण तिची चाल मंदावली होती. तिची मान थोडी वळलेली होती, जणू ती त्याच्या श्वासाकडे कान लावून होती.

बाकाशी पोचून त्याने हात वर केला. "तिकडे ते..." एवढंच निघालं. पुढचा शब्द आलाच नाही. तो बसला.

सगळे थांबले. लोथार वरून खाली आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मायोर्काला तो असाच दिसला होता.

"छातीत दुखतंय?"

नॉर्बर्टने मान हलवली, नाही.

"हात? डावा हात?"

"नाही." दम घेत तो म्हणाला, "धूळ आहे."

"कधीपासून?"

"खाणीपासून. कळलं गेल्या हिवाळ्यात."

"आणि तू सहलीला नाव देऊन बसलास? तिथे जिन्यावर कोसळला असतास तर? परत मी..." लोथारचा आवाज चिरकला. तो पाठ फिरवून उभा राहिला.

नॉर्बर्टने पिशवी काढून बाकावर ठेवली. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "खोटं बोललो," तो म्हणाला. "चर्चचा जिना मला चढवणार नाही. पण जिन्याच्या शेजारून रुळांवर दोन डबे चालतात, एकाच दोराला बांधलेले. वरच्या डब्यात पाणी भरतात, तो वजनाने खाली येतो आणि खालचा वर ओढला जातो. मी वाचलंय. तुम्ही जिना चढा, मी डब्यातून येतो. एवढं चालेल की नाही, ते सांग. चालत नसेल तर सहलीतून मला आत्ता काढ."

मग एवाल्ड बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, तेव्हा लाकूड करकरलं.

"पाण्यावर चालणारा डबा मला बघायचाय," तो म्हणाला. "माझे गुडघेही म्हणतात बघायचाय."

"तुझे गुडघे कधीपासून बोलायला लागले?" त्याच्या बायकोने विचारलं.

"ते केव्हाचे बोलतायत. तू ऐकत नाहीस."

"मीही डब्यात," गिझेला म्हणाली. ती नॉर्बर्टकडे बघत नव्हती. "खिडकीशी थांबतोस ते मला खालून ऐकू येतं. जिना वाजायचा थांबतो ना. मला वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील."

नॉर्बर्टने तिच्यासाठी बाकावर जागा केली. ती लगेच बसली नाही. जरा वेळाने बसली.

लोथार अजून पाठमोराच होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. शेवटी तो वळला.

"कोसळणार नाहीस?"

"हळू चाललो तर नाही."

"हळू म्हणजे किती?"

"मी पुढे, तुम्ही मागे. इतकं हळू."

लोथारने खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि पोर्तो शहरातल्या लॉजचा नंबर शोधला. त्याने घेतलेल्या खोल्या चौथ्या मजल्यावर होत्या. पलीकडून कुणी तरी फोन उचलला.

"लिफ्ट," लोथार मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला. "लिफ्ट आहे का? नाही? मग खालची खोली द्या. एक. थांबा." त्याने फोन छातीशी धरून एवाल्डकडे पाहिलं.

"दोन सांग," एवाल्ड म्हणाला.

"दोन," लोथार फोनमध्ये ओरडला.